विश्वास असूनही नैराश्य येतं तेव्हा: गोळ्या, प्रार्थना आणि मंडळी

प्रश्न थोडक्यात असा: गेले 3 महिने मन मेल्यासारखं झालंय. बायबल उघडलं तरी नुसती अक्षरं दिसतात, प्रार्थनेला बसलं की शब्द सुचत नाहीत. मंडळीत (चर्चमध्ये) काही जण म्हणतात, विश्वास कमी पडतोय, कुठेतरी पाप लपलेलं असेल. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आहेत. त्या घेणं म्हणजे प्रभूवरचा भरवसा सोडणं आहे का?

नाही. गोळ्या सुरू करा. प्रार्थना सोडू नका, पण सध्या ती अगदी लहान करा. आणि मंडळीतल्या एका समंजस माणसाला खरं काय चाललंय ते सांगा. पुढचं उत्तर एका बैठकीत वाचून झालं नाही तर तुकड्या-तुकड्यांनी वाचा. लक्ष न टिकणं हे याच आजाराचं लक्षण आहे.

नैराश्याचं निदान अंदाजाने होत नाही. उदास मन किंवा कशातच गोडी न वाटणं, या दोन्हींपैकी निदान एक असावं लागतं. त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाली मंदावणं किंवा जिवाची नुसती तगमग, लक्ष न लागणं, आपण नालायक किंवा अपराधी आहोत असं वाटत राहणं आणि मरणाचे विचार. या 9 लक्षणांपैकी 5 किंवा अधिक लक्षणं किमान 2 आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यामुळे रोजचे व्यवहार अडलेले, असं असेल तर डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. या यादीत विश्वास कुठेच मोजलेला नाही. पण यातली 2 लक्षणं भक्तीच्या नेमक्या जागी येऊन बसतात: गोडी न वाटणं आणि अपराधीपणा. ख्रिस्ती माणसाचा गोंधळ होतो तो इथेच.

गोडीचं आधी बघू. गाण्याने मन भरून येणं, लेकराच्या हसण्याने बरं वाटणं, उपासनेत देव जवळ आहे असं जाणवणं, हे सगळं आपण एकाच मनाने आणि एकाच मेंदूने अनुभवतो. नैराश्य ती जाणवण्याची ताकदच कमी करतं. तापात जिभेला चव लागत नाही म्हणून अन्न नासलंय असं आपण म्हणत नाही. देव जाणवत नाही एवढ्यावरून तो दूर गेला, असा निष्कर्ष या दिवसांत काढू नका. पारखायची सोपी रीत अशी: फक्त प्रार्थनाच कोरडी आहे, की आवडतं गाणं, मित्र, जेवण, छंद, सगळंच बेचव झालंय? झोप, भूक, काम, हसणं शाबूत आहे आणि प्रार्थनेतच रुक्षता आहे, तर तो आध्यात्मिक कोरडेपणा असू शकतो. 16व्या शतकातल्या योहान ऑफ द क्रॉस या स्पॅनिश संताने ज्या काळोख्या रात्रीविषयी लिहिलं, ती ही अवस्था. त्यासाठी अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शक लागतो. सगळंच बेचव असेल तर आधी डॉक्टर. दोन्ही एकत्रही असू शकतं, आणि तेव्हाही सुरुवात डॉक्टरांपासूनच करावी, कारण आजार उतरल्याशिवाय दुसरं काय उरलंय ते दिसत नाही.

आता अपराधीपणा. खऱ्या पापाच्या जाणिवेला नाव-गाव असतं: अमुक दिवशी अमुक माणसाशी खोटं बोललो. ते कबूल करता येतं, शक्य तिथे भरपाई करता येते आणि कबुलीनंतर मन हलकं होतं. आजारातला अपराधीपणा मोघम असतो आणि पसरत जातो. कबुली दिली तरी उतरत नाही, किंवा एक गोष्ट मिटली की लगेच दुसरी पकडतो. 20 वर्षांपूर्वीची एखादी क्षुल्लक चूक रात्री 3 वाजता डोंगराएवढी वाटते आणि दुपारी जरा कमी. वेळेनुसार पापाचं वजन बदलत नाही, मनःस्थिती बदलते. म्हणून एक नियम लावून घ्या: एका पापाची कबुली एकदाच. त्यानंतर तोच विचार आला तर नव्याने पश्चात्ताप करत बसायचं नाही. ‘हे सांगून झालं आहे’ एवढंच म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं.

हा नियम पाळताच येत नसेल, दिवसात अनेकदा क्षमा मागावी लागत असेल, प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत असेल, पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) वारंवार ‘माझं तारण गेलं तर नाही ना?’ असं विचारावं लागत असेल, तर तो मंत्रचळाचा (ओसीडीचा) धार्मिक प्रकार असू शकतो. तिथे वारंवार धीर देण्याने आजार वाढतो. पाळकांनी आणि घरच्यांनी मायेने पण ठामपणे सांगायचं, ‘याचं उत्तर मी दिलं आहे, आता पुन्हा देणार नाही.’ त्याचे उपचारही थोडे वेगळे असतात, म्हणून डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. आणखी एक धोक्याची खूण आहे. मार्क 3:29 मधलं अक्षम्य पाप आपल्याच हातून घडलं आहे अशी ठाम, कशानेही न हलणारी खात्री, त्यात दोष देणारे आवाज ऐकू येणं, खाणं-पिणं सोडणं. ही तीव्र नैराश्याची अवस्था असते. इथे बायबलमधून वाद घालून काही साधत नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं लागतं. योग्य उपचारांनी, कधी इस्पितळात ठेवून विद्युत उपचार देऊन, ही माणसं बऱ्यापैकी लवकर सावरतात आणि ती खात्रीही विरघळते.

‘खरा विश्वासणारा खचत नाही’ हे वाक्य पवित्र शास्त्राला धरून नाही. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि तेही कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर लगेच. त्याच्याशी देव कोणत्या क्रमाने वागतो ते नीट पाहा. आधी झोप. मग देवदूताचा स्पर्श, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. पुन्हा झोप. पुन्हा जेवण, ‘वाट तुला झेपणार नाही’ अशी कबुली देऊन. नंतर लांबचा प्रवास, मग ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न आणि त्याची तक्रार पूर्ण ऐकून घेणं. सगळ्यात शेवटी नवं काम, सोबतीला अलीशा, आणि ‘तू एकटा नाहीस, आणखी 7000 आहेत’ ही माहिती. कानउघाडणीने सुरुवात झालेली नाही. आपल्याकडे मात्र बऱ्याचदा हा क्रम उलटा चालतो: आधी उपदेश, मग काम, आणि झोपेची चौकशी तर कोणीच करत नाही.

यिर्मया संदेष्टा आपल्या ग्रंथाच्या 20व्या अध्यायात जन्मदिवसाला शाप देतो. पौल 2 करिंथकर 1:8 मध्ये लिहितो की जगण्याचीही आशा उरली नव्हती. ज्याने ‘कशाविषयीही चिंता करू नका’ असं फिलिप्पैकरांना लिहिलं तो हाच पौल. ते वचन आजारी माणसाला मारायची छडी म्हणून त्याने लिहिलेलं नाही. गेथशेमानेत प्रभू येशूने आपला जीव मरणाएवढा व्याकूळ झाल्याचं शिष्यांना उघड सांगितलं आणि ‘माझ्याबरोबर जागे राहा’ अशी सोबत मागितली. सोबत मागणं अविश्वास असता तर प्रभूने ती मागितली नसती.

औषधांबद्दल ठोस माहिती हवी, कारण अर्धवट माहितीमुळेच लोक ती मध्ये सोडतात. सुरू करण्याआधी डॉक्टरांना 4 गोष्टी सांगा: चालू असलेली इतर औषधं, दारू घेत असाल तर किती, घरात कोणाला मनाचा आजार होता का, आणि आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, जेव्हा झोपेची गरजच वाटत नव्हती, विचार सुसाट धावत होते, वाटेल तसा खर्च होत होता आणि देवाने आपल्याला काहीतरी खास कामासाठी निवडलंय असं वाटत होतं. ही शेवटची गोष्ट मंडळीत ‘आत्म्याची आग’ म्हणून कौतुकाची ठरलेली असते, त्यामुळे ती सांगायची राहून जाते. ते दिवस उन्मादाचे असतील तर आजार द्विध्रुवी (बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य) आहे, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 या तपासण्या करून घ्या. यांतल्या बिघाडानेही नैराश्यासारखी अवस्था येते.

सध्या बहुधा सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता, झोपेत बदल होऊ शकतो. फायदा दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, आणि ही गोळी लागू पडते की नाही हे ठरवायला योग्य मात्रेवर 6 ते 8 आठवडे. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. 10 दिवसांनी ‘गोळ्यांनी उलट जास्तच होतंय, देवाला हे मान्य नसावं’ असं वाटतं ते यामुळेच. 25 वर्षांखालच्या रुग्णांवर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण काहींमध्ये मरणाचे विचार वाढू शकतात. लैंगिक इच्छा कमी होणं हाही दुष्परिणाम आहे. लाजेने लपवू नका. मात्रा किंवा औषध बदलता येतं. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायच्या. बरं वाटू लागल्यावरही किमान 6 महिने चालू ठेवायच्या. आजार वारंवार उलटत असेल तर त्याहून बराच जास्त काळ. नैराश्य सौम्य असेल तर गोळ्यांशिवाय, नुसत्या समुपदेशनानेही भागू शकतं. विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती साधारण 12 ते 16 बैठकांची असते. समुपदेशक ख्रिस्तीच हवा असा हट्ट नको. तो आपल्या कामात निष्णात हवा आणि तुमच्या श्रद्धेचा मान ठेवणारा हवा.

सर्वांत जास्त नुकसान मी एका प्रसंगाने होताना पाहतो: आरोग्यसभेत हात ठेवून प्रार्थना होते, त्या संध्याकाळी खरंच हलकं वाटतं, आणि साक्ष म्हणून गोळ्या टाकून दिल्या जातात. बहुतेकदा काही आठवड्यांत आजार उलटतो आणि सोबत ‘आपण बरेपण राखू शकलो नाही’ ही नवी लाज येते. बरेपण देवाने दिलं असेल तर ते डॉक्टरांच्या तपासणीतही टिकेल. लूक 17 मध्ये प्रभूने कुष्ठरोग्यांना ‘जा, याजकांना दाखवा’ म्हटलं. त्या काळी तपासून शुद्ध ठरवण्याचं काम याजकांचं होतं. साक्ष जरूर द्या, पण गोळ्या चालू ठेवून.

आता प्रार्थनेचा आकार. नेहमीचा तासाभराचा शांत समय या दिवसांत जमत नाही, आणि न जमल्याचं दडपण वेगळं. पुढचे 6 आठवडे एवढंच ठेवा. सकाळी उठल्यावर अंथरुणात बसून एक वाक्य: ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर.’ श्वास आत घेताना पहिला भाग, सोडताना दुसरा, 5 वेळा. दुपारी एकच स्तोत्र, शक्यतो मोठ्याने, कारण मनात वाचलं की लक्ष भरकटतं. वाचवत नसेल तर ध्वनिमुद्रित ऐका. रात्री प्रभूची प्रार्थना, घरात कोणी असेल तर त्याच्यासोबत. झालं. याहून जास्त करायची उमेद आली तरी या 6 आठवड्यांत वाढवू नका. एक दिवस खूप आणि पुढचे 3 दिवस शून्य, असं होतं आणि मग आणखी खचायला होतं. शब्दच नसतील तर नुसतं बसा. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात लिहिलंय की काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

कोणती स्तोत्रं? आनंदाची स्तुतिस्तोत्रं सध्या बाजूला ठेवा. ती वाचून आपण वेगळे पडलो आहोत असं वाटतं. 13, 42, 43, 77, 88, 130 घ्या. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. 42व्या आणि 43व्या स्तोत्रात ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हा प्रश्न 3 वेळा येतो. एकदा विचारून ते स्तोत्र रचणाऱ्याचंही मन ताळ्यावर आलं नव्हतं.

स्वतःचं विलापस्तोत्र लिहिणं हा फार उपयोगी सराव आहे. आठवड्यातून 2 वेळा, 15 मिनिटांहून जास्त नाही, आणि झोपण्याच्या आधी नाही. पहिल्या ओळीत देवाला हाक मारा. मग तक्रार, अगदी नेमकी: ‘तू माझं ऐकत नाहीस असं वाटतं. सकाळी 4 वाजता जाग येते आणि छातीवर दगड असतो.’ मग एक लहान मागणी: ‘आज मला आंघोळ करण्यापुरतं बळ दे.’ शेवटी भरवशाची ओळ येत असेल तर लिहा, येत नसेल तर जागा कोरी सोडा. खोटी ओळ लिहू नका. लिहिता लिहिता तेच तेच विचार गरगरायला लागले, मन आणखी खाली जायला लागलं, तर थांबा आणि उठून चाला. अशा वेळी लिहिणं बंद ठेवलेलंच बरं.

प्रार्थनेइतकंच शरीराकडे पाहा. उठण्याची वेळ रोज एकच, झोप लागो न लागो. दिवसा उजेडात चालणं, 10 मिनिटांपासून सुरू करून हळूहळू 30 मिनिटं, आठवड्यातून निदान 3 ते 5 दिवस. रोज 2 लहान कामं आदल्या रात्री कागदावर: एक उरकायचं, जसं 4 भांडी घासणं, एक पूर्वी आवडणारं, जसं झाडांना पाणी घालणं. इच्छा होण्याची वाट पाहू नका. या आजारात आधी कृती होते, इच्छा मागून येते. दारू पूर्ण बंद.

उपास आणि रात्रभराच्या प्रार्थना आजार असेपर्यंत टाळा. भूक आधीच मेलेली असते, आणि उपासाने अशक्तपणा वाढतो. लिथियम (द्विध्रुवी आजारात दिलं जाणारं औषध) चालू असेल तर पाणी न पिता केलेला उपास थेट धोक्याचा आहे: शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. द्विध्रुवी आजारात एका रात्रीचं जागरणही उन्मादाला निमित्त ठरू शकतं. उपासच करायचा असेल तर मोबाइलचा करा. मोठे निर्णयही पुढे ढकला: लग्न मोडणं, नोकरी सोडणं, सेवेचा राजीनामा, मंडळी बदलणं. येशूसंघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांनी 16व्या शतकातच घालून दिलेला नियम आहे की मन उजाड असताना आधी घेतलेले निर्णय बदलू नयेत. मानसोपचारातही आम्ही हेच सांगतो.

मंडळीत सगळ्यांना सांगायची गरज नाही. एक किंवा दोन माणसं निवडा, जी ऐकताना मध्ये वचन फेकत नाहीत आणि कानावर आलेलं ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून गावभर करत नाहीत. असं म्हणा: ‘मला नैराश्याचा आजार आहे, उपचार चालू आहेत. सल्ला नको. दर मंगळवारी मला फोन करा, आणि रविवारी मला न्यायला या.’ मागणी जितकी नेमकी, तितकी ती पाळली जाते. उपासनेला जाणं जड जात असेल तर मागच्या बाकावर, दाराजवळ बसा, आणि प्रभुभोजनानंतर गप्पांसाठी न थांबता निघा. मार्क 2 मध्ये पक्षाघात झालेल्या माणसाला 4 जण उचलून आणतात, आणि प्रभू ‘त्यांचा’ विश्वास पाहून त्या माणसाशी बोलतो. तुमच्यासाठी काही आठवडे इतरांनी विश्वास धरला तर ते शास्त्राला सोडून नाही.

पाळकांसाठी आणि घरच्यांसाठी: ईयोबाचे मित्र पहिले 7 दिवस गप्प बसले तेवढंच त्यांनी बरं केलं. जेवणाचा डबा, मुलांना शाळेत सोडणं, डॉक्टरांकडे सोबत जाणं ही खरी सेवा. दुरात्मा काढण्याच्या नावाखाली धरून ठेवणं, मारणं, कोंडणं, औषध बंद करायला लावणं हे कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. असं कोणी सुचवलं तर घरच्यांनी स्पष्ट नाही म्हणावं.

मरणाच्या विचारांबद्दल मोकळेपणानेच बोलावं लागेल. ‘मला झोपेतच घेऊन जा, प्रभू’ इथपासून ते विचार सुरू होतात. घरच्यांनी थेट विचारावं: ‘आत्महत्येचा विचार येतो का? कशाने करायचं असं काही ठरवलंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. पद्धत ठरली असेल, तयारी झाली असेल, निरवानिरवीची भाषा असेल, तर माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशकं, दोर, गोळ्यांचा साठा घरातून हलवा, आणि लगेच इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या. रात्री-बेरात्री आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनला फोन करा. उपचार चालू असताना गोळ्या आठवड्यापुरत्याच घरात ठेवा आणि दुसऱ्याच्या ताब्यात. नरकाची भीती घालू नका. त्याने विचार थांबत नाही; माणूस तो सांगायचा तेवढा थांबतो. ज्या घरात असा मृत्यू झाला आहे त्यांनी हेही जाणावं की 1992च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार गंभीर मानसिक आजारामुळे अशा कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि चर्च अशा मृतांसाठी प्रार्थना करतं.

सुधारणा कोणत्या क्रमाने येते तेही माहीत असू द्या. बहुतेकदा आधी झोप आणि भूक, मग हालचालीतली ताकद, त्यानंतर मन. ताकद परतली पण मन अजून उचललेलं नाही, तो मधला काळ जपायचा असतो. घरच्यांनी ‘आता बरा दिसतोय’ म्हणून लक्ष काढू नये. प्रार्थनेतला गोडवा बऱ्याचदा सगळ्यात शेवटी येतो, तेव्हा 8व्या आठवड्यात झोप सुधारली पण बायबल अजून कोरडंच वाटतंय, यावरून गोळ्या किंवा विश्वास फसला असं धरू नका. गोडवा येऊ लागला की एका वेळी एकच गोष्ट वाढवा: आधी एकाऐवजी दोन स्तोत्रं, 2 आठवड्यांनी घरगुती प्रार्थना सभा, त्यानंतर मंडळीतली जबाबदारी. बरं झाल्यावर, आठवण ताजी असतानाच, आपल्या आजाराच्या पहिल्या खुणा एका कागदावर लिहा: पहाटे जाग येणं, फोन न उचलणं, सलग 2 रविवार उपासना चुकणं, जे तुमचं असेल ते. त्याखाली डॉक्टरांचा नंबर लिहा, आणि एक प्रत त्या मंगळवारी फोन करणाऱ्या माणसाकडे देऊन ठेवा.